दिवली नावाची पोर इथे नाही

नंदुरबार, १२ नोव्हेंबर १९३८

चि. सुशीला हीस,

तुझं कार्ड मिळालं. कार्ड कसलं, एक ओळ. "बाई, मला न्यायला कधी कोणी आलं होतं का?" वर नमस्कार नाही, खाली सही नाही. मी तुला पत्र लिहायला असंच शिकवलं होतं का गं? आणि उघडं कार्ड कशाला टाकायचं? पोस्टमन आधी वाचतो, मग मला देतो आणि वर विचारतो, "बाई, कोणाला न्यायला कोण आलतं?" त्याला काय सांगू, कपाळ!

आश्रमात एकतीस पोरं आहेत, त्यातली एकोणीस खोकतायत. डांग्या खोकला आहे. अडुळसा उकळून उकळून चुलीपाशीच माझा दिवस जातो. हाजराबीचे गुडघे धरलेत, तरी ती पोरांची कापडं शिवायला सकाळी येऊन ओसरीवर बसते. नवरा गेल्यापासून त्याचा बांगड्यांचा धंदाही तीच बघते, हाटाच्या दिवशी टोपली डोक्यावर घेऊन जाते. माझ्यापेक्षा ती मोठी, पण कधी दमल्याचं बोलत नाही. मी मात्र दमले.

दोंडाईच्याची शाळा कशी आहे? तिथल्या थोरल्या बाई त्रास देत असतील तर देऊ देत, नव्या मास्तरणीला सगळेच छळतात. मागच्या पत्रात तू लिहिलंस की कापसाच्या जिनिंगच्या फाटकापाशी डोंगरातली एक मजूरबाई भेटली, तुझी हनुवटी धरून तिनं ते गोंदलेले तीन ठिपके पाहिले आणि म्हणाली, तू आमची. अगं, डोंगरातल्या निम्म्या बायांच्या हनुवटीवर ठिपके असतात. त्यावरून कोणी कोणाचं ठरतं का?

आपले चिटणीस मोतीलाल शेठ म्हणत होते, जानेवारीतल्या संमेलनात सुशीलेला बोलवा. बारा वर्षांपूर्वी रस्त्यावर सापडलेली पोर आज सरकारी शाळेत शिकवते, हे गावानं बघितलं पाहिजे. माझंही मन तेच म्हणतं. आपला आश्रम कशासाठी आहे? पोरं चार भिंतींत वाढवून भिंतीतच ठेवायला नव्हे. ती पुन्हा माणसांत गेली पाहिजेत, ताठ मानेनं. तू गेलीस. निळ्या काठाचं लुगडं नेस, पांढरं नको.

बाकी तुझ्या प्रश्नाचं सवडीनं लिहीन. चुलीवरचं उतू जातंय.

तुझी बाई


नंदुरबार, २७ नोव्हेंबर १९३८

चि. सुशीला,

पुन्हा कार्ड, पुन्हा एकच ओळ. "हो की नाही, एवढंच लिहा." वकिलीण झालीस की काय?

बरं, ऐक. तू आलीस तेव्हाचं आश्रमाचं रजिस्टर मी आत्ता काढून समोर ठेवलंय. सन १९२६, मे महिना. सडकेच्या कामावर डोंगरातून माणसं उतरली होती, त्यांच्यात पटकी शिरली. गावाबाहेर ताट्यांची छावणी होती, आजाऱ्यांना तिथं नेऊन टाकत. छावणीच्या मागे एका बाभळीखाली तू बसलेली सापडलीस, सहा वर्षांची असशील. शिपायानं आणून इथं सोडलं. रजिस्टरात लिहिलंय, "आईबाप पटकीत वारले." अक्षर माझंच आहे. शिपायानं सांगितलं ते मी लिहिलं.

तुझ्या अंगावर उवा, खरूज, पोट नगाऱ्यासारखं. गरम पाण्यानं आणि शिकेकाईनं चार वेळा न्हाऊ घातलं, केस कापले, कापड चुलीत घातलं. इथं येणाऱ्या प्रत्येक पोराचं हेच करतो, तुला माहीतच आहे, पुढे तूच नव्या पोरांना न्हाऊ घालायचीस. न्हाऊन झालं की देवासमोर बसवून नवं नाव द्यायचं. मागचं सगळं धुवून टाकायचं आणि पहिल्यापासून सुरू करायचं.

कोणी आलं नाही. झालं समाधान?

आता संमेलनाचं कळव. मोतीलाल शेठ रोज विचारतायत. गाडीनं यायचं तर तासाभराचा रस्ता, फार विचार करण्यासारखं काही नाही.

तुझी बाई


नंदुरबार, १५ डिसेंबर १९३८

चि. सुशीला,

आज मी हाजराबीशी भांडले. बारा वर्षांत पहिल्यांदा. ती बांगड्यांची टोपली घेऊन दोंडाईच्याला गेली होती आणि तुझ्या शाळेत डोकावली, हे मला तुझ्या कार्डावरून कळलं. "हाजराबीला विचारलं. ती काही बोलली नाही. म्हणजे आलं होतं." बाई गं, केवढी हुशार केली मी तुला!

मी तिला म्हटलं, तू काय सांगितलंस पोरीला? तर म्हणाली, "मैंने कुछ नहीं कहा, बाई. तिनं विचारलं, मी गप बसले. खोटं बोलायचं मला जमत नाही आणि खरं बोलायचा हक तुमचा." मी वाट्टेल ते बोलले. तिला ओसरीवर कोणी बसू दिलं, शिवणकाम कोणी दिलं, सगळं काढलं. ती शिवत राहिली. मग सुई पदराला टोचून उठली आणि घरी गेली. आता मला सुईत दोरा ओवता येत नाही आणि पोरांच्या सदऱ्यांना बटणं नाहीत.

तर आता लिहिते. एक माणूस आला होता. १९२८ साली, होळी झाल्यावर. डोंगरातला. तो दिवली नावाच्या पोरीला विचारत होता. इथं सगळ्यांची नावं बदललेली, रजिस्टरात सुशीला, शांता, कमल. दिवली कोण, हे त्या घाईत मला सुचलंच नाही. सकाळची वेळ, चाळीस ताटं वाढायची, कोण कुठला माणूस फाटकाशी उभा. मी म्हटलं, अशी पोर इथं नाही. तो गेला. पुढे कधीतरी माझ्या ध्यानात आलं, तोवर उशीर झाला होता.

चूक झाली. नाव लिहून ठेवायला हवं होतं. आता जी पोरं येतात त्यांचं जुनं नावही मी कंसात लिहिते, पाहिजे तर येऊन बघ. पण तेव्हा कोणाला सुचलं होतं? गावोगावच्या आश्रमांत हेच चालायचं. मी काही मुद्दाम केलं नाही.

डोकं दुखतंय. थंडीत पोरांना पुरेशा गोधड्या नाहीत, दोघादोघांत एक देते.

तुझी बाई


नंदुरबार, ३ जानेवारी १९३९

चि. दिवली,

हे नाव लिहिताना हात अडला. पण लिहिलं.

तुझं कार्ड आल्याला आठ दिवस झाले. "माझं नाव मला तेव्हाही ठाऊक होतं. तुम्हाला नव्हतं?" हे वाचून मी स्वयंपाकघरात जाऊन पिठाच्या डब्यावर बसले. पोरं येऊन बघून गेली. बाई रडतात, हे त्यांना नवीनच. त्यातल्या एकीनं पाणी आणून दिलं आणि तुझ्यासारखंच पाठीवर थोपटलं.

मला ठाऊक होतं. चांगलं ठाऊक होतं. तू आलीस तेव्हा महिनाभर सुशीला म्हटल्यावर ओ द्यायची नाहीस. भिंतीकडे तोंड करून बसायचीस. मग मी तुझं ताट अडवून ठेवायला लागले. सुशीला म्हणून हाक मारली की ओ दे, मग भाकरी. तिसऱ्या दिवशी तू ओ दिलीस. ज्या पोरीचं नाव मी भुकेनं सोडवलं, ते नाव मी विसरेन? मागच्या पत्रात मी खोटं लिहिलं. त्याच्या आधीच्यातही.

आता जसं घडलं तसं सांगते. पुन्हा विचारू नकोस, मला दुसऱ्यांदा लिहवणार नाही.

तो सकाळी आला. उंच, हडकुळा, डोक्याला लाल फडकं, पायात काही नाही. हाजराबी ओसरीवर शिवत होती. फाटकाच्या आत पाऊल टाकलं नाही त्यानं, बाहेरच हात जोडून उभा. बाजारातली अहिराणी मोडकीतोडकी बोलत होता. म्हणाला, "बाई, मी दलसिंग. मन्ही पोर शे का आठे? दिवली." मग हातानं उंची दाखवली, कमरेएवढी. तू तेव्हा वाढली होतीस गं, त्याच्या छातीला लागली असतीस. पण त्याच्या हाताला दोन वर्षांपूर्वीचीच पोर ठाऊक होती. आणि मग त्यानं स्वतःच्या हनुवटीवर बोट ठेवलं. एक, दोन, तीन.

मी म्हटलं, "दिवली नावनी पोर आठे नही शे."

तो हलला नाही. मला वाटलं आता आत येईल, ओरडेल, तर सगळंच उघडं पडेल. तसं झालं असतं तर बरं झालं असतं. पण त्यानं पाणी मागितलं. हाजराबीनं दिलं. पिऊन झाल्यावर त्यानं विचारलं, असा आश्रम आणखी कोठे आहे का? आणि मी, दिवली, मी सांगितलं, धुळ्याला आहे, तिथं बघ. तुझ्या बापाला मी नंदुरबारहून धुळ्याला चालत पाठवलं. तू इथं असताना.

तो गेल्यावर हाजराबी एवढंच म्हणाली, "बाई, बाप था." मी म्हटलं, तू तुझं शिव.

का केलं, हे तू विचारशील. मी स्वतःला पुष्कळ कारणं दिलीत, त्यातलं एक तर खरंही आहे. तो यायच्या आदल्या वर्षी मी शमाला तिच्या मावशीच्या हवाली केलं होतं. मावशी रडली, शपथा घेतल्या, मी पोर दिली. दीड महिन्यानं शमा शहाद्याहून एकटी चालत परत आली, हात पोळलेला, पाठीवर वळ. तेव्हापासून मनात बसलं की ही माणसं पोरं मागतात ती राबवायला. शमाची आठवण तुलाही असेल.

पण दलसिंग मला शमाच्या मावशीसारखा वाटला नव्हता. तेवढं माणूस ओळखायला मला येतं. खरी गोष्ट लाजेची आहे. तू दुसऱ्या इयत्तेत पहिली आली होतीस. माझ्यामागे मागे फिरायचीस, मी निवडलेल्या तांदळात उरलेला खडा काढून दाखवायचीस आणि हसायचीस. माझं लग्न नवव्या वर्षी झालं, अकराव्या वर्षी मी विधवा. म्हसावदला भावाच्या घरी मी कोणाची कोणी नव्हते. वाटलं, ही शिकेल, बाई होईल, माझी होईल. डोंगरात जाऊन काय करणार, मोळ्या आणणार, आणि पुढच्या पटकीत मरणार. मी वाचवते हिला. असं मी दहा वर्षं म्हणत आले. म्हणायला रोज नवी शक्ती लागते, आता ती राहिली नाही.

हाजराबीच्या घरी गेले. दारात उभी राहून म्हटलं, चुकलं माझं. तिनं पाट सरकवला. तिचा नवरा धडगावच्या बाजारात बांगड्या विकायचा, तीही बरोबर जायची, डोंगरातली बोली तिला येते, माणसं ओळखतात. मी म्हटलं, दलसिंगला शोधशील? गुडघ्यांकडे बघून म्हणाली, "गुडघे दस साल पहले अच्छे थे, बाई." आणि निघाली. काल सकाळी गेली.

मोतीलाल शेठना सांगितलं, सुशीला संमेलनाला येणार नाही, आणि का येणार नाही तेही सांगितलं. ते बराच वेळ पागोट्याशी खेळत राहिले. म्हणाले, "झाकली मूठ सव्वा लाखाची, बाई. आता उकरून काय मिळणार? पोर मार्गाला लागली ना?" मी म्हटलं, शेठ, मार्गाला लागली, पण मागचा रस्ता मी तोडला. माणसांत परत पाठवायची म्हणून आणली आणि तिची माणसंच मी हाकलली. हेच मी कमिटीला लिहून दिलंय. ठेवायचं की काढायचं ते त्यांनी बघावं.

तू लिहू नकोस काही. मला आशा नाही.

भिकुबाई


नंदुरबार, २४ जानेवारी १९३९

चि. दिवली,

हाजराबीनं म्हसावदच्या एका गाडीवानाकरवी निरोप धाडलाय. तुला लगेच कळवते, झाकून ठेवायची माझी सवय मोडायला हवी.

तुझे वडील नाहीत. तीन पावसाळ्यांमागे तापानं गेले. गाव नर्मदेच्या अंगाला आहे, धडगावपासून पुढे दोन दिवस. तुझी आई आहे. नानीबाई. पटकीतून दोघंही वाचली होती, छावणीतून उठली तोवर तुला शिपायानं इकडे आणलं होतं. पोरं मेली, पुरली, असं कोणीतरी त्यांना सांगितलं. दोन वर्षांनी दुसऱ्या कोणी सांगितलं, नंदुरबारला पोरं ठेवलीत, म्हणून दलसिंग आला. मी जे तेव्हा तपासायला हवं होतं ते हाजराबीनं तीन आठवड्यांत शोधलं, दुखऱ्या गुडघ्यांनी.

नानीबाई तिच्याबरोबर निघालीये. दोघी चालत, मिळेल तिथं गाडीत बसत येतायत. एवढंच. मला आणखी लिहवत नाही.

भिकुबाई


नंदुरबार, ६ फेब्रुवारी १९३९

चि. दिवली,

तुझी आई शुक्रवारपासून इथं आहे. बारीक आहे, केस पिकलेत, पण चालणं अगदी तुझ्यासारखं, डावा पाय जरासा आत टाकते. हनुवटीवर तेच तीन ठिपके. ओसरीच्या खांबाला टेकून बसते. आश्रमातली भाजी तिला गोड लागते म्हणून खात नाही, भाकरी आणि मिरची खाते. तुझा वर्गाचा फोटो दाखवला, तर कोणती तू ते तिनं एका क्षणात ओळखलं आणि काचेवर हात ठेवून बसली. नंतर पोरांनी काच पुसायला घेतली, तिनं पुसू दिली नाही.

पहिल्या दिवशी ती माझ्या पाया पडली. मी तिची पोर वाढवली म्हणून. मी पाय मागे घेतले, तर तिला वाटलं मी तिचा विटाळ पाळते. तिनं आपला पदर आवरला आणि दूर सरकली. एवढं झाल्यावर काय गप्प राहणार? हाजराबीला म्हटलं, सांग तिला सगळं. मी बोलते, तू तिच्या बोलीत सांग, एक शब्द गाळू नकोस. हाजराबी म्हणाली, "बाई, पोरगी आने दो, फिर." मी म्हटलं, नको, आत्ताच.

सगळं सांगितलं. नाव, ताट, फाटक, धुळे. हाजराबी सांगत होती आणि तुझी आई माझ्याकडेच बघत होती, तिच्याकडे नाही. मला वाटलं आता मारेल, शिव्या देईल. मी दिल्या असत्या. तिनं एकच विचारलं. तो फाटकाशी उभा होता तेव्हा पोर कुठं होती?

हे मी तुलाही लिहिलं नव्हतं. तुला सगळं सांगते म्हणून एवढं मोठं पत्र लिहिलं आणि हे तेवढं गाळलं. तू आतच होतीस. फाटकापासून वीस पावलांवर, पडवीत, सगळी पोरं पाढे म्हणत होती आणि तू पुढे उभी राहून म्हणून दाखवत होतीस, मागून बाकीची. तुझा आवाज खणखणीत. त्याला ऐकू जात होता म्हणूनच मी घाई केली. म्हणूनच तो पाणी पिताना एवढा वेळ लावत होता.

हाजराबीनं सांगितल्यावर तुझी आई फाटकाकडे वळून बसली. मग बोलली, आणि हाजराबीनं मला सांगितलं ते जसंच्या तसं लिहिते. तो धुळ्याला जाऊन, तिथंही नाही असंच ऐकून, घरी परतला. तिला म्हणाला, नंदुरबारच्या आश्रमात आत एक पोर ओरडून ओरडून काहीतरी म्हणत होती, ती आपली दिवली होती. आई म्हणाली, मग घेऊन का नाही आलास? तर म्हणाला, बाईनं सांगितलं, नाही. बाई शिकलेली आहे, ती कशाला खोटं बोलेल? माझेच कान खोटे. त्यानंतर कधी कुठे लांबून पोरांचा आवाज आला, की तो आपल्या कानांवर हात ठेवायचा. मरेपर्यंत.

माझ्या शब्दाला आयुष्यभर कोणी एवढी किंमत दिली नाही. माझ्या भावानं नाही, कमिटीनं नाही. त्यानं दिली.

तू यावंस असं मी म्हणायचं नाही, मला तो हक्क उरलेला नाही. पण तुझी आई तुला बघितल्याशिवाय जाणार नाही, आणि तिला गाडीत बसायची भीती वाटते, म्हणून तुलाच यावं लागेल. शनिवारी शाळा सकाळची असते. दुपारच्या गाडीनं ये. तिची बोली तुला आता येणार नाही, तीही मीच तुझ्याकडून सोडवली. हाजराबी बसेल मध्ये, पण पहिल्यांदा तुझी तूच बोल. काहीही बोल, मराठीत बोल, तिला चालेल.

आत यायची वाट बघू नकोस. फाटकातूनच हाक मार. मी मध्ये उभी नसेन.

भिकुबाई